छोट्या दुकानाच्या वेबसाइटसाठी पेमेंट गेटवे कसा निवडावा आणि कसा जोडावा

‘वेबसाइटवर क्यूआर कोडचा फोटो टाका, गिऱ्हाइकाला स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, झालं काम.’ दिवाळी जवळ आली की बडोद्यात हा सल्ला मला कोणी ना कोणी देतंच. तो ऐकू नका. काउंटरवर क्यूआर चालतो, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि साउंडबॉक्स रक्कम बोलून दाखवतो. वेबसाइटवर स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, आणि खरा असला तरी रात्री अकरा वाजता चाळीस स्क्रीनशॉट बँकेच्या मेसेजांशी ताडून बघायचे कोणी? दिवसाला दोन-तीनच ऑर्डरी येत असतील तर पेमेंट गेटवेच्या, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात टाकणाऱ्या कंपनीच्या, डॅशबोर्डवरून पेमेंट लिंक पाठवा, वेबसाइटला काही जोडूच नका. त्याहून जास्त येत असतील तर पुढे वाचा.

कागदपत्रं नेहमीचीच: पॅन, धंद्याच्या नावाचं बँक खातं, रद्द केलेला चेक, खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी. अर्ज अडकतो तो बहुधा वेबसाइटमुळे. संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता, डिलिव्हरी आणि परतावा ही पानं अर्ज करण्याआधी तयार हवीत. परताव्याचं पान दुसरीकडून उचलू नका. ‘फराळ परत घेतला जात नाही; डबा फुटून आला तर दोन दिवसांत फोटो पाठवा, पैसे परत करू’ इतकं सरळ लिहा.

दरांवर लोक फार वेळ घालवतात. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअव्हेन्यू, कोणाकडेही गेलात तरी साधारण 2 टक्के आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरून चाला. 500 रुपयांच्या ऑर्डरीवर 11 रुपये 80 पैसे जातात, खात्यात 488 रुपये 20 पैसे येतात. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, नाही हे खरं, पण गेटवे आपल्या सेवेचे पैसे वेगळे लावू शकतो. म्हणून यूपीआयचा दर, परदेशी कार्डांचा दर आणि रिफंड दिल्यावर शुल्क परत मिळतं का, या तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. पाव टक्क्यासाठी गेटवे निवडू नका. पुढे जे सांगतोय ते ज्याच्याकडे नीट चालतं आणि ज्याचा माणूस फोन उचलतो, तो घ्या.

आता खरी अवघड जागा: पैसे कापले गेले, पण ऑर्डर आली नाही.

दांडिया बाजारात वहिनींचा फराळाचा धंदा आहे. लिला चिवडा, भाकरवडी, दिवाळीत चकल्या. त्यांची साइट मी जोडली तेव्हा ‘धन्यवाद’चं पान उघडलं की ऑर्डर पक्की, असं लिहून ठेवलं होतं. लॅपटॉपवर कार्डाने करून बघितलं, चाललं. वसुबारसेच्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला, पैसे गेले, ऑर्डरीचा मेसेज नाही. वहिनींनी यादी बघितली, त्यात नाव नव्हतं, म्हणून त्या म्हणाल्या की तुमचे पैसे आलेच नाहीत. बाई फार दुखावल्या. रात्री मी डॅशबोर्ड उघडला तर त्यांचे पैसे सकाळीच आलेले होते, आणि तशाच आणखी सहा जणांचे.

होतं असं: गिऱ्हाईक मोबाइलवर यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातं, पिन टाकतं, हिरवी खूण बघतं आणि फोन खिशात ठेवतं. ब्राउझरमध्ये ते परत येतच नाही, मग ‘धन्यवाद’चं पान उघडणार कुठून? म्हणून ऑर्डर पक्की करायची ती वेबहुकवरच. पैसे मिळाले की गेटवेचा सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला निरोप धाडतो, गिऱ्हाइकाचा फोन बंद पडला तरी.

वेबहुक जोडताना चार ठिकाणी घात होतो. निरोप कुठे धाडायचा तो चाचणीसाठी टाकलेला वेबपत्ता लाइव्ह, म्हणजे खऱ्या पैशांच्या, खात्यात पुन्हा टाकावा लागतो, आणि तो लोक विसरतात. निरोपाची डिजिटल सही (तो गेटवेकडूनच आल्याची खूण) तपासलीच पाहिजे, नाहीतर कोणीही खोटा निरोप पाठवील. एकच निरोप दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट आयडी आधी नोंदलेला आहे का ते बघा, नाहीतर एकाच माणसाला दोन पार्सलं जातील. आणि वर्डप्रेसवरचं सुरक्षेचं प्लगइन हा निरोप दारातच अडवू शकतं. डॅशबोर्डवर वेबहुक ‘फेल’ दिसत असेल तर आधी तिथे बघा. सोबत ऑटो कॅप्चर, म्हणजे मंजूर झालेले पैसे आपोआप ताब्यात घेण्याची सोय, चालू ठेवा. नाहीतर काही गेटवेंवर पैसे नुसते ‘ऑथोराइज्ड’ (मंजूर, पण न घेतलेले) राहतात आणि काही दिवसांनी गिऱ्हाइकाकडे परत जातात. तोवर तुमचा माल रवाना झालेला असतो.

साइट सुरू करण्याआधी स्वतःच्या मोबाइलवरून दहा रुपयांची खरी ऑर्डर द्या. पिन टाका आणि ब्राउझरकडे परत न येता तो टॅब बंद करा. पाच मिनिटांत ऑर्डर ‘पेड’ दिसली नाही तर साइट उघडू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

खात्यात पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी, शुल्क कापून, अनेक ऑर्डरींचे एकत्र येतात. बँकेच्या पासबुकाशी ताळा जुळणार नाही, गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टाशी (कोणत्या ऑर्डरींचे किती पैसे पाठवले त्या हिशेबाशी) जुळवा. दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये येतात, तेव्हा तेला-बेसनाचे पैसे वेगळे हाताशी ठेवा.

आणि ‘पैसे गेले’ असा फोन आला तर आधी बारा आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक मागा आणि डॅशबोर्डवर शोधा. तिथे सापडला तर ऑर्डर हाताने पक्की करा. नसेल तर सांगा की 2019 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानदारापर्यंत न पोचलेले यूपीआयचे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई मिळते. वहिनींनी हे कागदावर लिहून फोनशेजारी चिकटवलंय.