जुन्या सिझियम घड्याळाचा हाय व्होल्टेज सप्लाय दुरुस्त करताना

एचपी ५०६१ए म्हणजे ह्यूलेट-पॅकार्डचं सिझियम अणुघड्याळ, १९७१ मध्ये हाफेल आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सापेक्षतावाद तपासायला विमानातून पृथ्वीभोवती फिरवलेली घड्याळं याच मॉडेलची. असं एखादं जुनं युनिट हाती आलं आणि लॉक होत नसलं, म्हणजे घड्याळाची वारंवारता सिझियमच्या वारंवारतेशी जुळून स्थिर होत नसली, की लोक पहिला संशय हाय व्होल्टेजवर घेतात आणि लगेच तो डबा उघडून बसतात. तसं करू नका. सप्लाय गेलाय का ट्यूबमध्ये (सिझियमचा बीम जिच्यातून जातो ती निर्वात नळी) गॅस साठलाय हे आधी ठरवा, कारण दोन्हीची लक्षणं सारखीच दिसतात.

आत दोन हाय व्होल्टेज असतात. एक साधारण ३५०० व्होल्ट, आयन पंपासाठी, जो ट्यूबमधला व्हॅक्यूम टिकवतो, आणि दुसरा इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरसाठी, म्हणजे बीमचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागासाठी, हे व्होल्टेज कमीजास्त करता येतं. पंपाचा करंट म्हणजेच व्हॅक्यूमचं माप, गॅस जास्त तर करंट जास्त. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल तर करंट इतका वाढतो की बिचारा सप्लाय दबतो आणि व्होल्टेज खाली येतं, सप्लायमध्ये काहीच दोष नसताना. उलट मीटरवर करंट शून्य दिसला म्हणून व्हॅक्यूम उत्तम असं धरून चालू नका, सप्लाय मेला असेल तरी शून्यच दिसणार.

उघडण्याआधी प्लग काढा, आणि पुढचं नीट वाचा: यातल्या काही युनिट्समध्ये आत स्टँडबाय बॅटरी असते, म्हणजे प्लग काढला तरी घड्याळ चालूच राहतं. बॅटरी आणि बाहेरची डीसी वायर दोन्ही सोडवा, घरात दुसरं माणूस असू द्या, चालू असताना एक हात खिशात. सिझियम किरणोत्सर्गी असेल ही भीती मात्र सोडा, हे साधं सिझियम १३३ आहे, फक्त ट्यूब कधीही फोडायची नाही.

आता मोजायचं कसं? साधा मल्टिमीटर थेट लावला तर मीटर तर जाईलच, वर त्याचा १० मेगओहमचा लोड ३५० मायक्रोअँप ओढेल, म्हणजे रीडिंगही खोटं. मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे ४.७ मेगओहमचे २० रेझिस्टर सीरिजमध्ये, प्रत्येकावर १७५ व्होल्टच येतात त्यामुळे २५० व्होल्ट रेटिंगचे पाव वॉटवाले चालतात, आणि ग्राउंडच्या टोकाला २२० किलोओहमचे दोन पॅरललमध्ये, दोन यासाठी की एक सुटला तरी मीटरवर सगळं व्होल्टेज येऊ नये. सरळ रेषेत सोल्डर करा, नागमोडी नको, आणि अ‍ॅक्रिलिकच्या नळीत घाला. ट्यूबची वायर काढून ही माळ तिथे लावा, ग्राउंड आधी, सगळं बंद असताना. ३५०० व्होल्टला साधारण ३७ मायक्रोअँप जातात आणि खालच्या जोडीवर ४ व्होल्टच्या आसपास दिसतात, म्हणजे लोडही झाला, मोजमापही झालं आणि बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करायची सोयही झाली. तरी हात लावण्याआधी इन्सुलेटेड काठीच्या टोकाला बांधलेल्या, ग्राउंडला जोडलेल्या वायरने शॉर्ट कराच.

व्होल्टेज नीट आलं तर सप्लाय चांगला आहे, डबा परत बंद करा. नाही आलं तर आधी इनपुटचं डीसी बघा, मग सप्लायचा ऑसिलेटर चालतोय का, मग सप्लायमधल्या व्होल्टेज मल्टिप्लायरचे (व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटचे, इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर वेगळा) डायोड आणि कपॅसिटर. डायोड बदलताना १एन४००७ टाकायचा मोह होतो, पण ऑसिलेटर काही किलोहर्ट्झच्या वर असेल तर तो फार स्लो पडतो आणि तापतो, फास्ट रिकव्हरीवालाच घ्या, रेटिंग मॅन्युअल बघून. बोर्डवर काळी रेघ दिसली तर ती जळून कार्बन झालेली वाट आहे, पुसून जात नाही, खरवडून काढावी लागते, नाहीतर तिथूनच परत ठिणगी. सोल्डरचे सांधे गोल गुळगुळीत ठेवा, टोक राहिलं की कोरोना, म्हणजे हवेत वीज गळणं, सुरू, फ्लक्स आयसोप्रोपिलने दोनदा धुवा आणि वाळू द्या. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हे काम करत असाल तर बोर्ड बल्बखाली कोमट ठेवून मगच हाय व्होल्टेज द्या, दमट हवेत लीकेज येतो आणि चांगला सप्लायही वाईट वाटतो.

दुरुस्ती झाली की ट्यूब जोडून आधी फक्त पंप चालू ठेवा, सिझियमचं ओव्हन गार. करंट खाली यायला तास लागतील, कधी दिवस, घाई केली तर ट्यूब जाते आणि तशी ट्यूब आता सहजी मिळत नाही. करंट मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली आला की ओव्हन, आणि इलेक्ट्रॉन मल्टिप्लायरचं व्होल्टेज सगळ्यात शेवटी, कमीपासून सुरू करून बीमचा सिग्नल पुरेसा मिळेल तेवढंच वाढवा.