निवासी शाळेतल्या इंग्रजी शिबिरासाठी साहित्य कसे तयार करावे

निवासी शाळेत मुलं दिवसरात्र एकाच आवारात असतात. शिबिराच्या तयार पुस्तिका नेमकं हेच वाया घालवतात: पिझ्झाची ऑर्डर, लंडनचा पाऊस आणि मग काळांचे बारा प्रकार. नागपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळेतल्या पोराला आणखी वरण मागायला इंग्रजी लागलं, तर तो ते रोज दोनदा बोलेल.

म्हणून लिहायला बसण्याआधी शाळेत एक चक्कर मारा. घंटेचं वेळापत्रक, मेसचा आठवड्याचा मेनू, गेटपासचा नमुना मागून घ्या. प्रत्येक मुलासमोर एक चित्र ठेवून दोन मिनिटं बोलतं करा आणि तीन गट पाडा: सुटे शब्द बोलणारे, मोडकी वाक्यं जुळवणारे, बऱ्यापैकी बोलणारे. इयत्तेवर जाऊ नका. काहींच्या घरी गोंडी बोलतात. त्यांना मराठीही शाळेतच शिकावी लागते. तेव्हा नुसता मराठी अर्थ देऊन भागत नाही, चित्र किंवा कृती हवीच.

आता पाच दिवसांसाठी चाळीसेक वाक्यं निवडा, जास्त नकोत. ‘कॅन आय हॅव सम मोअर डाळ, प्लीज?’ मेसच्या खिडकीवर, ‘हूज नेक्स्ट?’ नळाजवळ. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा.

खरी मेहनत जोडीच्या कार्डांवर घ्या. नागपूर जंक्शनवर दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे चार दिशांच्या चार गाड्या घेतल्या की खेळ तयार. ‘अ’ कार्डावर सुटण्याच्या वेळा, फलाटांचे रकाने कोरे. ‘ब’ कार्डावर उलट. एकमेकांचं कार्ड बघायचं नाही, विचारूनच भरायचं. समोरच्याला खरोखर माहीत नसलेलं विचारावं लागतं, म्हणून लाजणारं पोरही तोंड उघडतं. पहिल्या गटासाठी प्रश्न कार्डावरच छापा, दुसऱ्यासाठी अर्धा, तिसऱ्याला काहीच देऊ नका. काटोल-नरखेडकडची मुलं असतील तर संत्र्याची सहा चित्रं द्या, फुलोऱ्यापासून नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत. आंबिया आणि मृग बहार, म्हणजे संत्र्याच्या फुलोऱ्याचे दोन हंगाम, यांतला फरक त्यांनी बाकीच्यांना इंग्रजीत समजावायचा. इथे शिक्षकापेक्षा त्यांनाच जास्त माहिती असते, आणि ते चांगलंच आहे.

प्रत्येक खेळाला शिक्षकासाठी एकच पान: वेळ, सामान, सूचना कशी द्यायची, लवकर संपवणाऱ्यांना पुढे काय. व्याकरण या पानावर दोन ओळींत आटपा. शिबिर एप्रिलमध्ये असेल तर पळापळीचे खेळ सकाळीच उरका. दुपारी पंख्याखाली बसून खेळायची कार्डं.

छपाईआधी पाच-सहा मुलांवर कच्ची प्रत चालवून बघा. सूचना तुम्हाला दुसऱ्यांदा सांगावी लागली, तर वाक्य बदला. रंगीत चित्रांची काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा, कारण पुढच्या वर्षी शाळा तीच काढणार. संत्रं आणि लिंबू सारखंच दिसत असेल तर चित्र नवं काढा. कार्डं जाड कागदावर छापा, मागे संच क्रमांक टाका, आणि कोऱ्या मूळ प्रती प्लास्टिकच्या पाकिटात घालून अधीक्षकांकडे द्या.