अकाउंट उघडा, २५० डॉलर घ्या: कॅनडात नव्याने आलेल्यांसाठी

माझ्या मावसभावाचा मुलगा सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याहून ब्रॅम्प्टनला आला. पुढच्या मार्चमध्ये एका रविवारी तो आणि त्याची बायको आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर त्याने फोन माझ्यापुढे धरला. "काका, हे बघा ना. एक गुंतवणूक कंपनी अकाउंटमध्ये २५ हजार डॉलर भरले की २५० डॉलर रोख देतेय. पैसे १८० दिवस ठेवायचे, बस्स. मित्राने लिंक पाठवलीय."

भारतातली एफडी मोडून आणलेले २५ हजार दोघांकडे होते. मी विचारलं, "कुठल्या अकाउंटमध्ये भरणार?"

"टीएफएसएमध्ये. त्यावर टॅक्स नाही ना. माझी लिमिट १ लाख २ हजार आहे, गूगलवर बघितलं."

मी फोन बाजूला ठेवायला लावला आणि कागद घेतला. नवीन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

टीएफएसए म्हणजे टॅक्स-फ्री सेव्हिंग्ज अकाउंट: आत वाढलेल्या पैशावर टॅक्स नाही, पण त्यात दर वर्षी ठरलेल्या मर्यादेपर्यंतच भरता येतं. ते २००९ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या सगळ्या वर्षांच्या मर्यादांची बेरीज १ लाख २ हजार होते. पण ती २००९ मध्ये १८ वर्षं पूर्ण असलेल्या आणि तेव्हापासून इथेच राहणाऱ्या माणसाची. तुमची मर्यादा तुम्ही इथले रहिवासी झालात त्या वर्षापासून सुरू होते. एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: डिसेंबरमध्ये उतरलात तरी त्या वर्षाची पूर्ण रक्कम मिळते. म्हणजे याचे २०२४ चे ७ हजार आणि २०२५ चे ७ हजार, एकूण १४ हजार. त्याने २५ हजार भरले असते तर ११ हजार जास्तीचे झाले असते. जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का दंडाचा टॅक्स लागतो, म्हणजे महिन्याला ११० डॉलर. तिसऱ्या महिन्यात बोनस संपला. आणि १८० दिवसांची अट पाळायची म्हणून पैसे काढायचेही नाहीत! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

ही चूक लगेच कळत नाही, हे त्याहून वाईट. गुंतवणूक कंपन्या वर्षभराचे टीएफएसएचे व्यवहार सीआरएला, म्हणजे इथल्या कर खात्याला, पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेरपर्यंत कळवतात, आणि पत्र त्यानंतर येतं. तोपर्यंत टॅक्स साचत राहतो. असं कुणाचं झालंच असेल तर जास्तीचे पैसे आजच काढा, आणि आरसी२४३ हा फॉर्म पुढच्या वर्षीच्या ३० जूनच्या आत भरा. चूक प्रामाणिक असेल आणि पैसे लगेच काढले असतील तर सीआरए दंड माफ करू शकतं. तशी लेखी विनंती करावी लागते. पहिल्या टॅक्स रिटर्नमध्ये इथे राहायला आल्याची तारीखही अचूक लिहा.

आरआरएसपी, म्हणजे निवृत्तीसाठीच्या बचतीचं खातं. त्यावरच्या बोनसकडे पहिल्या वर्षी बघूच नका. तिथली मर्यादा आदल्या वर्षीच्या इथल्या कमाईच्या १८ टक्के असते, आणि आदल्या वर्षी तुमची इथे कमाईच नव्हती.

बोनस म्हणजे फसवणूक, असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतः दोनदा घेतला आहे. गिऱ्हाईक मिळवायला कंपनीला खर्च येतो, तोच ती तुम्हाला देते. पुढे तुम्ही अमेरिकी शेअर घेतलेत की चलन बदलताना बऱ्याच ठिकाणी दीड टक्क्याच्या आसपास कापलं जातं, आणि पडून राहिलेल्या रोकडीवरचं व्याज कंपनीकडे राहतं. म्हणून बोनसचा हिशेब एकटा करायचा नाही. समजा तुमच्या सेव्हिंग्ज खात्यात वर्षाला ३ टक्के मिळतायत. २५ हजारांवर सहा महिन्यांचे झाले ३७५. तेच पैसे नव्या अकाउंटमध्ये नुसते पडून राहिले तर २५० मिळवण्यासाठी ३७५ सोडलेत. तिथे गेल्यावर ते पैसे तितकंच कमावणार असतील, तरच बोनस खरा वरकड.

माझा दुसऱ्यांदा घेतलेला बोनस मला महागात पडला. नवीन ठिकाणी चांगली रक्कम मिळतेय म्हणून मी जुन्या ठिकाणाहून दोन अकाउंट हलवली. जुन्या कंपनीच्या बोनसची मुदत संपायला पाच आठवडे बाकी होते, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी बोनस परत कापून घेतला, वर प्रत्येक अकाउंटमागे १५० डॉलर ट्रान्सफर फी. नवीन कंपनी फी भरून देते असं जाहिरातीत होतं. अटी वाचल्या तेव्हा कळलं की ते ठरावीक रकमेच्या वरच्या ट्रान्सफरलाच. तेव्हापासून मी जाहिरात नाही, आधी अटी वाचतो. त्यात तीन गोष्टी शोधा: पैसे किती दिवस ठेवायचे, मध्ये थोडे काढले तर काय होतं, आणि बोनस एकदम मिळतो की महिन्याच्या हप्त्यांत. बोनसवर टॅक्स आहे का, तेही बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. टी५ स्लिप (गुंतवणुकीवरच्या उत्पन्नाची कर-पावती) आली तर ती रक्कम रिटर्नमध्ये दाखवावीच लागते.

नव्या माणसाच्या पैशाला पहिल्या वर्षी किती पाय फुटतात, ते आम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. भाडं, हिवाळ्याचे कपडे, गाडी आणि तिचा धडकी भरवणारा इन्शुरन्स. मे महिन्यात गाडीसाठी टीएफएसएमधून ४ हजार काढलेत तर बोनस जाऊ शकतो, आणि त्या ४ हजारांची जागा पुढच्या १ जानेवारीलाच परत मिळते. मर्यादा आधीच पूर्ण वापरली असेल तर त्याच वर्षी ते पुन्हा भरणं म्हणजे परत दंड. म्हणून निदान चार-सहा महिन्यांचा खर्च बोनसच्या वाटेला जाऊच देऊ नका.

कंपनी सायरोची (गुंतवणूक कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) सदस्य आहे का, हे सायरोच्या साइटवर बघा. अशा सदस्य कंपनीचं दिवाळं निघालं तर सीआयपीएफ या गुंतवणूकदारांच्या संरक्षण निधीचं १० लाख डॉलरपर्यंत संरक्षण असतं. शेअर पडले तर मात्र कोणी भरून देत नाही. आणि बोनस "मोकळा करायला" आधी पैसे किंवा क्रिप्टो पाठवा असं कोणी म्हणालं, तर तिथेच नंबर ब्लॉक करा. ग्रुपवर लिंक टाकणाऱ्या आपल्याच माणसालाही बऱ्याचदा त्यातून रक्कम मिळते. त्यात वावगं काही नाही, पण त्याला सरळ विचारा.

तर त्या दोघांचं काय ठरलं? बायकोची स्वतःची १४ हजारांची मर्यादा आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने १० हजार भरले. त्या रकमेला बोनस लहान होता, पण होता. तिने तिच्या नावावर टीएफएसए उघडून ५ हजार भरले, बोनसशिवाय. उरलेले १० हजार सेव्हिंग्जमध्ये राहिले. अटींच्या पानाचा फोटो त्याने काढून ठेवला, आणि तिने फ्रिजवरच्या कालनिर्णयाचं सप्टेंबरचं पान उलटून १९ तारखेला लाल गोल केला.