सायकलच्या रोड रेसमध्ये पहिल्यांदा उतरताय? या चुका टाळा

दरवर्षी तेच. पाऊस सरतो, रस्ते कोरडे होतात आणि कुणीतरी मेसेज टाकते, "ताई, पुढच्या महिन्यात रेसला नाव घातलंय. काही टिप्स?" पुढच्या महिन्यात! बाय गे, नाव घालायच्या आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं. असो. मी फोंड्याची. नऊ वर्षं हौशी गटात सायकल चालवतेय. जिंकले दोनदा, पडले सहादा. म्हणजे जिंकण्यापेक्षा चुकांबद्दल बोलायचा हक्क मला जास्त आहे.

शिट्टी वाजली की सुसाट सुटणं

आमच्याकडे बऱ्याच मुली रोड रेसकडे ट्रायथलॉनच्या वाटेने येतात. २०१९ मध्ये गोव्यात पहिली आयर्नमॅन ७०.३ (पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब ट्रायथलॉन) झाली आणि सायकलीला धरून बसलेल्या बायकांची संख्या डोळ्यांदेखत वाढली. चांगलंच झालं. पण तिथले सायकलचे ९० किलोमीटर एकटीने मारायचे असतात. पुढच्या सायकलच्या मागे बारा मीटरच्या आत रेंगाळलात तर दंड. त्यामुळे दुसरीच्या मागे बसणं म्हणजे लबाडी, हे डोक्यात पक्कं बसतं. रोड रेसमध्ये मात्र मागे बसणं हाच खेळ आहे. नीट चिकटून बसलात तर वारा पुढची अडवते आणि तुमची मेहनत तिसऱ्या हिश्श्याने कमी होते, कधी त्याहूनही जास्त. ज्या मुलीला हे पटत नाही ती पुढे राहून सगळ्यांना फुकट ओढते आणि शेवटी एकटी पडते. मला कसं माहीत? ऐका.

माझी पहिली रेस पेडण्याच्या बाजूला होती. ४५ किलोमीटर, आम्ही चौदा जणी. सकाळी निघालो, तोंड पश्चिमेला, सूर्य पाठीशी. दुसऱ्या किलोमीटरलाच मी पुढे. मीटरवर ताशी ३६ चा वेग, पाय पिसासारखे. मागच्या उन्हामुळे सगळ्यांच्या लांबलचक सावल्या माझ्या पुढे रस्त्यावर पडलेल्या, मी त्या मोजत होते. सहा हेल्मेटं. मला वाटलं, सहा जणी जिवाच्या आकांताने माझा पाठलाग करताहेत. मागून एक आवाजही येत होता, कर्रर्र, थांबून परत कर्रर्र. बिचारीची चेन कोरडी असावी, असं मनात आलं.

ती चेन नव्हती. पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकाचा जो आवाज होतो, तो. मी धापा टाकत होते आणि मागच्या बाया पाय न हलवता घरंगळत येत होत्या! आणि पाय पिसासारखे का, तेही नंतर कळलं. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो माझ्या पाठीशी होता. अठराव्या किलोमीटरला एक साधा चढ आला, अर्ध्या किलोमीटरचाही नसेल. दोन्ही बाजूंनी सगळ्या पुढे गेल्या, एकीने तर जाताना "सॉरी हां" म्हटलं. चढ संपेपर्यंत पन्नास मीटरचं अंतर पडलं. उरलेले सत्तावीस किलोमीटर मी एकटी, आणि वळून परत आले तो तोच वारा तोंडावर. बारावी आले. शेवटच्या रेषेपाशी सगळ्यांत ज्येष्ठ बाईने कोकम सरबताचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "घे. आम्हाला एवढं ओढलंस, तेवढं तरी देणं लागते."

यावर कुणीतरी हमखास आना कीजनहोफरचं नाव काढते. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, ती सुरुवातीलाच सुटली आणि सोनं घेऊन गेली ना? गेली. कुठल्याही व्यावसायिक संघाशी करार नसलेली, पेशाने गणितज्ञ असलेली ऑस्ट्रियन बाई. पण १३७ किलोमीटरच्या त्या शर्यतीत ती एकटी सुटली नव्हती, सोबत आणखी काही जणी होत्या. त्या गळाल्यावर ती एकटी पुढे गेली. ऑलिंपिकमध्ये संघाशी बोलायला कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे अजून कुणीतरी आहे हे मागच्यांना धड कळलंच नाही. दुसरी आलेली नेदरलँड्सची अॅनेमिक व्हॅन व्ल्यूटन तर जिंकल्यासारखे हात वर करून आली. आपल्या रेसमध्ये पंधरा जणी आणि सरळसोट रस्ता. पुढे कोण आहे ते सगळ्यांना दिसतं. तुम्ही कीजनहोफर नाही, आणि मागच्या बायकाही झोपलेल्या नाहीत.

मी काय करते? पहिले दहा किलोमीटर तिसऱ्या-चौथ्या जागी बसते. पुढे जायची पाळी आलीच तर पायडलचे चाळीस फेरे मोजते, "आता तू ये" म्हणून मागचीला कोपर हलवून दाखवते आणि बाजूला होते. शास्त्र वगैरे काही नाही. चाळीसनंतर माझा मोजण्यातला रस संपतो, एवढंच.

उलटी चूकही आहे, ती पुरुषांच्या ग्रुपमध्ये सराव करणाऱ्यांची. वर्षभर आठ रुंद पाठींच्या आड शेवटी बसायचं आणि ३४ चा सरासरी वेग घरी दाखवायचा. बायकांच्या रेसमध्ये पुढची पाठ तुमच्याएवढीच असते, आडोसा कमी होतो आणि पुढे जायची पाळीही येते. महिन्यातून दोनदा तरी फक्त बायकाच मिळून चालवा. आणि रेसमध्ये पुरुष व महिला एकत्र सोडणार असतील तर पुरुषांच्या मागे बसायला परवानगी आहे का, ते नियमात आधी वाचा. निकालानंतर भांडू नका.

चाकात चाक घालणं

ही चूक पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. पुढचीच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक थोडं आत गेलं, की झालं. ती वीतभर सरकली की चाकं घासतात. पुढचीला जेमतेम धक्का जाणवतो. पडते ती मागची, जवळपास दर वेळी. कारण तुमचं हँडल म्हणजे तुमचा तोल, आणि त्याच क्षणी तो दुसरीच्या हातात गेलेला असतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी पहाटे पणजीहून रायबंदरकडे निघालो होतो, पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात बांधलेल्या त्याच लांब बांधावरून. एका बाजूला मिठागरं, दुसरीकडे मांडवी. एक नवी मुलगी माझ्या मागे होती. जोरात होती, आणि गप्पही बसत नव्हती. दोनदा सांगितलं, "अंतर ठेव." "हो ताई, हो ताई." पुढे रस्त्याची कड खचलेली दिसली म्हणून मी हाताने खूण केली आणि हळूच उजवीकडे झाले. मागे टायरावर टायर घासल्याचा झर्र असा आवाज, मग हेल्मेटचा. सायकल थांबवून मागे धावले तर ती डांबरावर बसलेली, डाव्या खांद्याला हात लावून. कॉलरबोन. सहा आठवडे सायकल बंद. रेस तीन आठवड्यांवर होती.

तिची चूक अंतराची होतीच, पण नजरेचीही होती. ती माझ्या चाकाकडे टक लावून बसली होती. चाकाकडे पाहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. पुढचीच्या कमरेकडे पाहा, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्याकडे. सुरुवातीला पूर्ण एका सायकलचं अंतर ठेवा, थोडा आडोसा तिथेही मिळतो. जवळ येत चाललात तर ब्रेक दाबू नका, तुमच्या मागे आणखी पाच जणी आहेत. पायडल थांबवा, जरा ताठ बसा, छातीवर वारा घ्या. वेग आपोआप उतरतो.

सरावासाठी मी मुलींना फेरीबोटीने दिवाडी बेटावर नेते, चर्चमधली रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस, सुटायच्या आधी. तिथे गाड्या कमी. आधी मैदानात गवतावर, चालण्याच्या वेगाने, दोघींनी खांद्याला खांदा लावून सायकल चालवायची. एकमेकींना कोपराने ढकलायचं. पहिल्यांदा सगळ्या किंचाळतात. चौथ्या रविवारी हसतात. आणि हो, याला चार रविवार लागतात. "ताई, एकाच दिवशी जमवू या ना" म्हणणारीला मी बोटीवर घेत नाही.

टायरात हवा की लोखंड?

टायरच्या कडेवर १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणून १२० भरायचे नाहीत. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नाही. ५५ किलोची मुलगी, २५ मिलिमीटर रुंदीचं टायर आणि १२० पीएसआय म्हणजे प्रत्येक खडीवर सायकल उडणार, वळणावर पकड जाणार. आमच्या डिचोली-साखळीच्या रस्त्यांवर ट्रकांतून सांडलेली तांबडी माती आणि बारीक खडी पाहिली आहे ना? माझं वजन ५८, पुढे ७२, मागे ७६. पाऊस असेल तर दोन्हीकडे पाच कमी. ज्या पोरांनी मला "जास्त हवा म्हणजे जास्त वेग" शिकवलं, त्यांचं वजन ८५ होतं.

बाकीचं भराभर सांगते.

रेसच्या दिवशी नवं काही नको. शूज, सीट, ताकदीसाठी खायचं जेल, काही नाही. क्लीटवाले, म्हणजे शूज अडकून बसणारे पायडल आदल्या आठवड्यात बसवून सिग्नलला उभ्या-उभ्या आडव्या झालेल्या तिघी मला माहीत आहेत.

पॅडवाल्या शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. दरवर्षी कुणालातरी हे कानात सांगावं लागतं, म्हणून इथे मोठ्याने सांगते. गोव्याच्या दमट हवेत तिथे शिवण घासली की दोन दिवस चालता येत नाही. टोचतं म्हणून जाड, मऊ सीटही घेऊ नका. आपली बसायची हाडं बहुधा पुरुषांपेक्षा रुंद असतात, तेव्हा सीटची रुंदी बघा, मऊपणा नव्हे.

पाळी रेसच्या दिवशीच आली तर? मी दोनदा चालवली, एकदा सोडली. दोन्ही निर्णय बरोबर होते. गोळी खाऊन पाळी पुढे ढकलायचा बेत असेल तर डॉक्टरांना विचारा, मैत्रिणीला नको.

"दीड तासाची तर रेस, खायचं कशाला?" खायचं. दोन तास आधी पोई (आपला गोव्याचा पाव) आणि केळं. सकाळीच पातळ भाजी आणि मिरची हाणून आलेली एक जण वाटेत काय करत होती, ते सांगत नाही. आपल्याकडे घाम येतो पण वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून तहान लागायच्या आधीपासून घोट घोट पाणी. माझ्या बाटलीत लिंबू, साखर आणि चिमूटभर जास्त मीठ.

पण ती बाटली काढता यायला हवी ना! घोळक्यात एक हात सोडायला घाबरणाऱ्या मुली पाहिल्या की मला आमचा पोदेर, म्हणजे पाववाला, आठवतो. मागे पावांची भली मोठी टोपली, एका हाताने पों-पों भोंपू वाजवत, कुत्रं चुकवत, गेटापाशी न थांबता पाय टेकवून पुढे. त्याच्या सायकलला ना कार्बन, ना गिअर. दोन लाखांची चाकं घ्यायच्या आधी त्याच्याएवढं जमतं का पाहा. रस्त्यात रोज दोन्ही हातांनी आलटून पालटून बाटली काढा, न बघता परत ठेवा.

चोर्ला घाटात केरीच्या बाजूला उतरताना वळणात ब्रेक लावू नका, वळणाआधी लावा. सतत दाबूनही ठेवू नका, दाबा आणि सोडा. पावसाळ्यानंतरचे काही दिवस सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं, तिथे मी सरळ म्हातारीसारखी उतरते.

शेवटच्या दोनशे मीटरांत आपली रेघ सोडून इकडेतिकडे जाऊ नका. मान खाली घालून मीटर बघू नका.

ती कॉलरबोनवाली मुलगी? आता माझ्यापेक्षा जोरात चालवते. गेल्या रविवारी बांधावर मी पुढे होते, वारा तोंडावर. मोजून चाळीस फेरे झाले, कोपर हलवलं, बाजूला सरकले. ती काही पुढे येईना. कान दिला तर मागून निवांत कर्रर्र.