भूत पाहणारा माणूस: भयपटांत चरित्र अभिनेता होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

कमी खर्चाच्या हिंदी भयपटांत मी गेली वीस-बावीस वर्षे हवेलीचा रखवालदार, देवळातला पुजारी, मांत्रिक अशाच भूमिका करत आलो आहे. नव्याने येणारी मुले बहुधा भुताची भूमिका मागतात. मला मात्र ठामपणे वाटते की प्रेक्षक घाबरणार की नाही, हे भूत पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरते.

त्यामागे खर्चाचे साधे गणित आहे. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ हा चित्रपट महाबळेश्वरला मुक्काम ठोकून चित्रित केला, तेव्हापासून हाताशी असलेला वाडा, धूर, दिवे आणि थोडी माणसे यांच्यावरच हा प्रकार उभा आहे. रंगभूषेला पैसा आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून भूत पडद्यावर थोडकेच दिसते आणि उरलेली भीती आपल्या चेहऱ्यावरून पोहोचवावी लागते.

माझ्या पहिल्याच चित्रपटात, मढ येथील एका बंगल्यात, कंदील घेऊन दार उघडायचे आणि समोरचे पाहून मागे सरायचे, एवढाच प्रसंग होता. समोर भूत नव्हते, एक सहायक काळी पट्टी लावलेली काठी धरून उभा होता. मी सवयीने माझ्याच उंचीवर नजर ठेवली. भुताचे काम करणारा नट माझ्याहून हातभर उंच होता, त्यामुळे दोन्ही शॉट जोडल्यावर मी त्याच्या छातीकडे पाहून किंचाळतो आहे असे दिसले आणि माझा क्लोजअप काढून टाकावा लागला. तेव्हापासून मी भुताची उंची आणि अंतर विचारल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभा राहत नाही. भीती दाखवताना आधी श्वास थांबवावा, मग नजर स्थिर करावी आणि हात सर्वांत शेवटी हलवावा; नवखे नट नेमके उलट करतात.

भुताचेच काम मिळाले, तर अनिरुद्ध अगरवाल यांच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०) मधील भूमिका जरूर अभ्यासाव्यात. रुरकीला स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या या उंचपुऱ्या नटाने रंगभूषेच्या थराखालूनही चालण्यातून आणि खांद्यांच्या ठेवणीतून दहशत उभी केली. पुढे ‘बँडिट क्वीन’मध्येही ते दिसले, म्हणजे भुताचा शिक्का कायमचा बसतोच असे नाही. दाढी किंवा मुखवटा स्पिरिट गमने, म्हणजे रंगभूषेत त्वचेवर वापरायच्या डिंकाने, चिकटवण्यापूर्वी तो डिंक कोपराच्या आतील बाजूस थोडा लावून पाहावा आणि शूटिंग संपल्यावर, कितीही झोप आली असली तरी, दाढी किंवा मुखवटा ओढून काढू नये.

मानधनाबाबत मी स्वतः फसलो आहे. एका निर्मात्याने रात्रीच्या चार शिफ्टचे पैसे प्रदर्शनानंतर देतो असे सांगितले. लेखी काहीच नसल्यामुळे ते कधीच मिळाले नाहीत. आता दिवस, शिफ्टचे तास, जेवण, प्रवास आणि डबिंग यांचा उल्लेख असलेला कागद मी आधी मागतो आणि उरलेली रक्कम डबिंगला उभे राहण्यापूर्वीच घेतो. ‘सिंटा’ या कलाकारांच्या संघटनेचे सभासदत्व लवकर घ्यावे, कारण तक्रार करण्याची वेळ आली तर दाद मागायला ती जागा असते.

डबिंगच्या दिवशी सगळे संवाद आधी उरकून घ्यावेत आणि किंकाळ्या शेवटी ठेवाव्यात. तीन-चार किंकाळ्यांनंतर घसा बसतो आणि रखवालदाराचा आवाज अर्ध्या चित्रपटात एक, अर्ध्यात दुसरा असा होतो.