युद्ध सुरू कोणी केले? बातम्या आणि अहवाल वाचताना या चुका टाळा

ऑगस्ट २००८ मध्ये रशिया आणि जॉर्जिया यांच्यात झालेले युद्ध जेमतेम पाच दिवस चालले, पण ते सुरू कोणी केले याचा वाद अजून मिटलेला नाही. युरोपीय संघाने नेमलेल्या चौकशी मंडळाचा तीन खंडांचा अहवाल उपलब्ध आहे, आंतरराष्ट्रीय न्यायालयांचे निकाल आहेत, दोन्ही बाजूंच्या नेत्यांची नंतरची विधाने आहेत; म्हणजे पुराव्यांचा दुष्काळ नाही. तरीही दोन सुशिक्षित माणसे हाच पुरावा वाचून एकमेकांच्या अगदी उलट निष्कर्ष काढतात. याचे मोठे कारण असे, की पहिला मोठा हल्ला कोणी केला, तो कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय होता का आणि परिस्थिती त्या थराला कोणी नेली, हे तीन वेगळे प्रश्न आपण ‘सुरुवात कोणी केली’ या एकाच प्रश्नात कोंबतो आणि मग त्याचे एका नावात उत्तर मागतो. पुढच्या बहुतेक चुका या एका गोंधळातून निघतात.

गोष्ट कोणत्या तारखेपासून सांगितली आहे, हे न पाहणे

दक्षिण ओसेतिया हा जॉर्जियातून फुटून निघालेला प्रदेश. १९९१-९२ च्या लढाईनंतर जून १९९२ मध्ये सोची येथे करार झाला आणि तेथे रशियन, जॉर्जियन व (रशियातील शेजारच्या प्रदेशाच्या) उत्तर ओसेतियन अशा तिन्ही तुकड्यांचे संयुक्त शांतिसैन्य आले. पुढे रशियाने तेथील रहिवाशांना मोठ्या संख्येने रशियन पासपोर्ट वाटले. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोवोने सर्बियापासून स्वातंत्र्य घोषित केले; एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जॉर्जिया पुढे कधीतरी सदस्य होईल असे जाहीर केले; त्याच महिन्यात रशियाने दक्षिण ओसेतिया आणि जॉर्जियातून फुटलेला दुसरा प्रदेश अबखाझिया यांच्याशी थेट सरकारी संबंध वाढवले; जुलैमध्ये रशियाने कॉकेशसच्या उत्तरेला मोठा युद्धसराव केला. १ ऑगस्टला स्फोटात पाच जॉर्जियन पोलिस जखमी झाले आणि त्याच दिवशी गोळीबारात ओसेतियन बाजूची माणसे मारली गेली. ७ ऑगस्टच्या रात्री ११ वाजून ३५ मिनिटांनी जॉर्जियन तोफखान्याने दक्षिण ओसेतियाची राजधानी त्स्खिनवाली या शहरावर मारा सुरू केला.

मॉस्कोची कथा या शेवटच्या वाक्यापासून सुरू होते, तर जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी, तिची कथा पासपोर्टांपासून किंवा त्याही आधीपासून सुरू होते. दोन्ही कथांतल्या घटना खऱ्या असू शकतात आणि तरीही पहिले पान कुठे उघडले यावर आरोपी बदलतो. आपल्याला हा प्रकार १९६५ वरून चांगला ओळखता यावा. पाकिस्तान ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन पाळतो, कारण त्या दिवशी भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. पण ऑगस्टच्या सुरुवातीला काश्मीरमध्ये घुसवलेली माणसे आणि १ सप्टेंबरला छांब भागात झालेला पाकिस्तानी हल्ला या तारखेच्या आधीचा म्हणून गोष्टीबाहेरच राहून जातो. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते, त्यामुळे मराठी घरांत त्या युद्धाची गोष्ट बहुधा ऑगस्टपासूनच सांगितली गेली. आपल्या बाजूची सुरुवात आपल्याला स्वाभाविक वाटते आणि समोरच्याची सोयीची वाटते, एवढे ध्यानात ठेवले तरी बरेच साधते.

यावर उपाय म्हणजे लेख वाचताना त्यातील सर्वांत जुनी तारीख शोधून समासात लिहून ठेवावी आणि विरुद्ध बाजूचा एक लेख घेऊन त्यातीलही तशीच लिहावी. वाद कशाविषयी आहे ते या दोन तारखांमधल्या अंतरात दिसते.

स्थानिक वेळेचा घोळ हा याचाच धाकटा भाऊ आहे. त्स्खिनवालीत ७ ऑगस्टचे ११.३५ वाजले तेव्हा न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवसाची दुपार होती आणि भारतात ८ तारीख लागून एक वाजून पाच मिनिटे झाली होती. ‘आदल्या दिवशीच गोळीबार झाला होता’ असे कोणी लिहिले, तर कुठल्या घड्याळाप्रमाणे आदल्या दिवशी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सगळ्या वेळा एका घड्याळावर आणल्या की निम्मे ‘परस्परविरोधी’ दावे विरोधी राहत नाहीत.

पक्षपात म्हणजे केवळ खोटेपणा, असे समजणे

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून येथे थोडे थांबायला हवे. वृत्तपत्र पक्षपाती आहे असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुद्दाम खोटे छापणारा संपादक येतो. प्रत्यक्षात २००८ च्या पहिल्या आठवड्यातील बराचसा पक्षपात रस्त्यांनी घडवलेला होता. गोरी हे शहर तिबिलिसीहून मोटारीने सहज गाठता येत होते. तेथे बॉम्ब पडले तेव्हा पाश्चात्त्य वार्ताहर आणि कॅमेरे हजर होते, आणि १२ ऑगस्टला तेथेच एका डच कॅमेरामनचा मृत्यू झाला. त्स्खिनवाली गोरीपासून जेमतेम ३० किलोमीटर उत्तरेला, परंतु लढाई सुरू झाल्यावर तेथे पोहोचण्याची वाट मुख्यतः रशियातून, सीमेवरच्या डोंगरातील रोकी बोगद्यातून होती आणि परदेशी पत्रकारांना तेथे रशियन अधिकाऱ्यांच्या सोबतीने व त्यांच्या सोयीने नेले जाई. त्यामुळे युरोप-अमेरिकेच्या पडद्यावर जळणारी गोरी दिसली, तर रशियन पडद्यावर उद्ध्वस्त त्स्खिनवाली. प्रत्येक चित्र अस्सल असूनही दोन्ही प्रेक्षकवर्गांना युद्ध अर्धेच दिसले.

यात भाषेची आणि हजेरीची भर पडली. जॉर्जियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मिखाइल साकाश्विली सफाईदार इंग्रजी बोलत आणि त्या दिवसांत ते परदेशी वाहिन्यांवर सतत उपलब्ध होते. रशियन बाजू सुरुवातीला तेवढी तत्पर नव्हती. दोन्ही सरकारांनी ब्रसेल्समध्ये जनसंपर्क कंपन्याही लावलेल्या होत्या. बीबीसीच्या वार्ताहराला दक्षिण ओसेतियात मोकळेपणी फिरता आले आणि जॉर्जियन सैन्याच्या वर्तनाविषयी गंभीर प्रश्न उपस्थित करणारा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, तोवर ऑक्टोबर संपत आला होता. तोपर्यंत ज्यांना मत बनवायचे होते त्यांनी ते बनवलेले होते.

मराठी वाचकाला येथे एक जादा अडचण असते. आपल्या दैनिकांचे परदेशी पान मोठ्या प्रमाणावर वृत्तसंस्थांवर चालते, आणि उपसंपादक रात्रीच्या घाईत मूळ बातमी कापून बसवतो. त्या कापाकापीत सर्वांत आधी बळी जातो तो ‘अमुक अधिकाऱ्याच्या म्हणण्यानुसार’ हा तुकडा. मग दावा म्हणून आलेले वाक्य छापताना वस्तुस्थिती होऊन बसते. म्हणून बातमीच्या माथ्यावरील गावाचे नाव आधी पाहावे. तिबिलिसी, मॉस्को की प्रत्यक्ष लढाईचे ठिकाण? बातमीत एकही नाव असलेला साक्षीदार नसेल आणि प्रत्येक माहिती ‘सूत्रां’ची असेल, तर त्या बातमीवरून हल्लेखोर ठरवू नये, फार तर त्या राजधानीला त्या दिवशी काय सांगायचे होते, एवढेच तिच्यावरून कळते.

पहिल्या आकड्याला चिकटून राहणे

युद्धाच्या पहिल्या दिवसांत त्स्खिनवालीत सुमारे २,००० नागरिक मारले गेल्याचे रशियन आणि दक्षिण ओसेतियन बाजूने सांगितले गेले आणि त्याला वंशसंहार म्हटले गेले. रशियाच्याच तपास यंत्रणेने नंतर निश्चित केलेला नागरिक मृतांचा आकडा १६२ होता. युरोपीय मंडळाने दोन्ही बाजूंचे सैनिक, पोलिस आणि नागरिक मिळून एकूण मृत्यू सुमारे ८५० धरले. आकडा खाली आला म्हणून मारा झालाच नाही असे होत नाही, हेही तितकेच खरे. शहराच्या वस्तीवर रॉकेटे सोडली गेली ही गोष्ट जागच्या जागी राहते. पण वंशसंहार रोखण्यासाठी सैन्य पाठवले, या युक्तिवादाचा पायाच तो पहिला आकडा होता, म्हणून त्याचे खाली येणे हा तपशिलाचा फरक नव्हे. सुरुवातीचा आकडा कोणत्या युक्तिवादाचा खांब आहे, हे पाहण्याची सवय ठेवावी.

अहवालातील अर्धे वाक्य उचलणे

स्विस राजनैतिक अधिकारी हायडी तालियाविनी यांच्या नेतृत्वाखालील मंडळाचा अहवाल ३० सप्टेंबर २००९ रोजी प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी दोन्ही सरकारांनी आपण बरोबर ठरलो असे सांगितले. दोघांनाही उतारे सापडले होते. उघड युद्धाची सुरुवात त्स्खिनवालीवरील जॉर्जियन माऱ्याने झाली आणि तो मारा आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार समर्थनीय नव्हता, असे अहवाल म्हणतो. मात्र तो मारा म्हणजे तणाव आणि चिथावण्यांच्या दीर्घ मालिकेचा शेवट होता, असेही तो म्हणतो. ८ ऑगस्टपूर्वी मोठे रशियन सैन्य आत घुसले होते, हा जॉर्जियाचा दावा पुरेसा सिद्ध होत नाही असे तो म्हणतो, पण शांतिसैनिकांखेरीज काही रशियन दले आधीच आत असल्याची चिन्हेही नोंदवतो. रशियाची पुढची लष्करी कारवाई बचावाच्या वाजवी मर्यादेबाहेर गेली, वंशसंहाराचा आरोप टिकत नाही आणि दक्षिण ओसेतियातील जॉर्जियन वस्तीचे वांशिक निर्मूलन झाले, म्हणजे तिला तेथून हुसकावून लावले गेले, हेही त्याच अहवालात आहे.

हा अहवाल उद्धृत करणाऱ्या लेखात यातील एकच विधान आढळले, तर लेखकाने अहवाल वाचलेला नाही किंवा वाचकाने तो वाचू नये अशी त्याची इच्छा आहे. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांचे खण पाडून विधाने त्यात टाकली की अहवालातील कथित विसंगती नाहीशी होते: पहिल्या खणात जॉर्जिया, दुसऱ्यात जॉर्जिया आणि नंतर रशियाही, तिसऱ्यात दोघे, आणि त्यातही रशियाचे वर्षानुवर्षांचे वर्तन ठळकपणे.

कारण आधी सांगितले की मागाहून, याकडे दुर्लक्ष करणे

७ ऑगस्टला संध्याकाळी साकाश्विली यांनी दूरचित्रवाणीवरून एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच रात्री जॉर्जियाच्या शांतिसैन्याचे प्रमुख जनरल मामुका कुराश्विली यांनी त्या प्रदेशात ‘घटनात्मक व्यवस्था’ पुन्हा प्रस्थापित करण्याचा निर्णय झाल्याचे पत्रकारांना सांगितले. त्या विधानात रशियन रणगाडे आत येत असल्याचा उल्लेख नव्हता. पुढे मात्र रशियन रणगाड्यांचे आत येणे हेच मुख्य कारण म्हणून जगापुढे मांडले गेले, आणि जॉर्जियन संसदेच्या चौकशीत कुराश्विली यांनी आपले ते वाक्य वरिष्ठांची परवानगी नसलेले होते असे सांगितले. ते खरेच भावनेच्या भरात बोलले असतील. परंतु घटनेच्या क्षणी दिलेले कारण आणि महिन्याभराने दिलेले कारण वेगळे असेल, तर पहिल्याला अधिक वजन द्यावे असे मला वाटते.

रोकी बोगद्यातून ७ ऑगस्टच्या पहाटे चिलखती वाहने गेल्याचे सूचित करणारी ध्वनिमुद्रित दूरध्वनी संभाषणे जॉर्जियाने सप्टेंबरमध्ये पुढे आणली. युद्धाच्या धांदलीत ती हरवली होती, असे स्पष्टीकरण आले. रशियाने ती खोटी आहेत असे म्हणण्याऐवजी ती शांतिसैनिकांची नेहमीची अदलाबदल होती असे सांगितले. येथे दोन टोकांच्या चुका होतात: उशिरा आला म्हणून पुरावा बनावट ठरवणे, किंवा तो अस्सल आहे म्हणून त्यातून हवा तेवढा अर्थ काढणे. त्या संभाषणांवरून वाहने गेली हे कळते. किती गेली आणि कशासाठी, हे कळत नाही.

याउलट, बोलणाऱ्याच्याच विरुद्ध जाणारे विधान फार मोलाचे असते. युद्धाची योजना रशियाच्या लष्करी मुख्यालयाने २००६ च्या अखेरीस किंवा २००७ च्या सुरुवातीलाच तयार केली होती आणि तिच्यात ओसेतियन स्वयंसेवकांचे प्रशिक्षणही होते, असे व्लादिमिर पुतिन ऑगस्ट २०१२ मध्ये बोलून गेले. अनपेक्षित हल्ल्याला केवळ प्रत्युत्तर दिले, या कथेला त्यामुळे धक्का बसतो. तरी योजना असणे आणि ती आधी अमलात आणणे यांत अंतर आहे. प्रत्येक लष्कराच्या कपाटात योजना असतात. शिवाय कबुलीमागचे राजकारणही पाहावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जियाच्या सत्ताधारी पक्षाचे संस्थापक बिद्झिना इवानिश्विली यांनी ओसेतियन लोकांची माफी मागण्याची भाषा केली, तेव्हा निवडणूक महिन्यावर आलेली होती आणि ज्यांच्या कृत्याची माफी मागायची ते त्यांचे राजकीय विरोधक होते.

सत्य मधोमध असते, असे गृहीत धरणे

दोन्ही बाजू सारख्याच दोषी, हे म्हणायला सोपे आणि ऐकायला समंजस वाटते. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला केल्याचे अमेरिकेने सांगितले. २ तारखेची चकमक खरी होती. ४ तारखेचा हल्ला झालाच नव्हता, हे पुढे अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेच्या इतिहासकाराने दाखवून दिले. पण त्या न झालेल्या हल्ल्याच्या आधारे अमेरिकी संसदेने राष्ट्राध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. हल्ला झाला आणि झाला नाही, यांच्या मधोमध कोणते सत्य असणार?

न्यायालयाच्या निकालात नसलेले उत्तर वाचणे

जॉर्जियाने ऑगस्ट २००८ मध्येच हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात रशियाविरुद्ध दावा लावला. एप्रिल २०११ मध्ये तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकाली निघाला, आणि रशिया निर्दोष सुटला असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला. न्यायालयाने तो प्रश्न तपासलाच नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १२ ऑगस्टनंतरच्या काळातील मानवी हक्कांच्या उल्लंघनांसाठी रशियाला जबाबदार धरले, कारण तेव्हा त्या भूभागावर प्रभावी ताबा त्याचा होता. पण ८ ते १२ ऑगस्ट या प्रत्यक्ष लढाईच्या दिवसांतील घटना त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तिघांविरुद्ध वॉरंट काढले, तेही नागरिकांना बेकायदा डांबून ठेवणे, छळ करणे अशा गुन्ह्यांसाठी. यांपैकी एकाही निकालपत्रात ७ ऑगस्टच्या रात्रीविषयीचा निवाडा नाही, त्यामुळे ‘न्यायालयाने सुरुवात कोणी केली ते ठरवले’ असे वाक्य दिसताच कोणत्या न्यायालयाने आणि कोणत्या परिच्छेदात, हे त्या लेखकाला विचारावे.