घरचंच जेवण जेवून कॅलरी मोजायच्या कशा? आधी तेलाच्या कॅनकडे बघा

कॅलरी मोजायला बसलं की लोक पोळ्या मोजतात. दोनाची एक करतात, भात बंद करतात, आणि भाजीत पळीने पडणारं तेल मात्र कुणी मोजतच नाही. आपल्या स्वयंपाकात हिशोब चुकतो तो तिथे, आणि कुटात, तुपात, चहाच्या साखरेत.

आधी तुमच्या घराचा हिशोब करून बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटरचा कॅन संपत असेल तर ते साधारण साडेचार किलो तेल झालं, म्हणजे माणशी रोज जवळपास 38 ग्रॅम, आणि एका ग्रॅमला 9 कॅलरी धरल्या तर 340 कॅलरी, त्यातलं थोडं तळणीत उरतं हे मान्य, तरी आकडा मोठाच आहे. साध्या फुलक्यांत बोलायचं तर तीन फुलके झाले की हो.

आता पद्धत. स्वयंपाकघरात ठेवायचा एक डिजिटल काटा घ्या, 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा. वाटी-चमच्याचं माप सोडा, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी आणि ‘एक चमचा’ म्हणजे चहाचा की पोहे खायचा यावर तेलाच्या कॅलरी 40 होणार की 120 हे ठरतं.

पहिला आठवडा काहीही कमी करू नका. रोजचं जेवा आणि फक्त लिहा, खाल्ल्या खाल्ल्या लिहा, रात्री आठवून लिहायला गेलं की शेंगदाणे आणि पोरांच्या ताटात उरलेलं हमखास विसरतं. वहीत लिहा नाहीतर अ‍ॅपमध्ये. अ‍ॅप वापरत असाल तर एक सांगते, ‘मिसळ 1 प्लेट’ असलं तयार उत्तर घेऊ नका, ती कुणाची प्लेट, त्यात तर्री किती, काही पत्ता नसतो. जिन्नस वेगवेगळे टाका. जिन्नसांच्या आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये काढलेले तक्ते आहेत, आपली धान्यं-डाळी-भाज्या त्यात सापडतात.

घरच्या पदार्थाचं कसं करायचं ते पोह्यांवर सांगते. सगळं कच्चं मोजायचं. पातळ-जाड कुठलेही पोहे 300 ग्रॅम, 1050 कॅलरी. तेल 45 ग्रॅम, 405. शेंगदाणे 50 ग्रॅम, 285. कांदा-बटाटा मिळून 135 कॅलरी, वरचं ओलं खोबरं 30 ग्रॅम, 105. बेरीज 1980. आता कढईसकट वजन करा, रिकाम्या कढईचं वजा करा (भांड्यांची वजनं एकदाच करून फ्रिजवर चिकटवून टाका, रोजची कटकट वाचते), समजा पोहे 900 ग्रॅम भरले तर एका ग्रॅमला 2.2 कॅलरी. तुमच्या डिशमध्ये 200 ग्रॅम आले तर 440. आमटी, उसळ, खिचडी, सगळ्याला हेच. भाकरी-पोळीला तर त्याहून सोपं, पीठ मोजायचं, 30 ग्रॅम कणकेला साधारण 100 कॅलरी, वरचं तूप वेगळं.

भात कच्चा मोजला की शिजलेला ते मात्र नीट लिहा. कच्च्या 100 ग्रॅम तांदळात 350 च्या आसपास आणि शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 130, इथे गोंधळ झाला की सगळा दिवस चुकतो.

चहा लिहायचाच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे नुसत्या साखरेच्या 160 कॅलरी, दूध अजून धरलंच नाही. उपवासाचा दिवसही लिहा, साबुदाणा, कूट, तूप आणि बटाटा एकत्र आल्यावर काय होतं ते आकड्यातच बघा, मी काही बोलत नाही.

मग टार्गेट. वजन किलोत गुणिले 10, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5, आणि बाईसाठी वजा 161, पुरुषासाठी अधिक 5. 35 वर्षांची, 155 सेंमी, 68 किलोची बाई असेल तर 1313 येतात, म्हणजे दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी शरीराला लागणाऱ्या कॅलरी. थोडंफार चालणं असेल तर याला 1.375 ने गुणा, साधारण 1800, ही झाली दिवसाची गरज. त्यातून 300-400 कमी करा, म्हणजे 1400-1500, एकदम 900 वर उडी मारू नका. हा अंदाजच आहे, पहिल्या आठवड्याच्या वहीशी ताडून बघा. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि खाण्याचा आकडा डोक्यातून जातच नाही, जेवायची भीती वाटते, असं पूर्वी झालं असेल तर मोजणी तुमच्यासाठी नाही.

कमी करताना प्रोटीन कमी करू नका, डाळ, दही, अंडी, मासे, जे चालतं ते राहू दे. आधी तेल मोजून घाला, कुटाचा हात आवरा, साखर एका चमच्यावर आणा, बऱ्याच घरांत 300 इथेच सुटतात आणि पोळीला हात लावावा लागत नाही.

वजन सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. एका दिवसाचा आकडा बघून रडू नका, आदल्या रात्री पापड-लोणचं झालं की पाणी साठून एखादा किलो वर जातो, बायकांचं पाळीच्या आधीही जातं. आठवड्याची सरासरी काढा आणि ती मागच्या आठवड्याशी लावा. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही तर जेवण लगेच कापू नका, आधी दोन दिवस तेल काट्यावर मोजून बघा आणि लग्नात, हॉटेलात खाल्लेलं वहीत आहे का ते तपासा. तिथे सगळं बरोबर निघालं तरच रोजच्या 100-150 कॅलरी आणखी उतरवा.